खार आणि दयाळ : एकाच परसातल्या दोघांची तुलना कशी करायची

'एक वन्य कृंतक (म्हणजे कुरतडणारा) प्राणी आणि एक गाणारा पक्षी यांची तुलना करा' असा प्रकल्प मुलांना मिळाला की वहीत काय उतरणार, ते मला आता पाठ झालंय. डावीकडे 'सस्तन', उजवीकडे 'पक्षी'. खाली 'केस – पिसे', 'दात – चोच', 'पिल्ले – अंडी'. मधोमध स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली दोन चित्रं. यातला एकही शब्द चुकीचा नाही, आणि हीच तुलना हत्ती नि पोपट यांनाही जशीच्या तशी लागू पडते. मग खार आणि दयाळ यांनी एवढं काय पाप केलंय की त्यांच्याबद्दल खास असं काहीच लिहायचं नाही?

मी झूलॉजीत बी.एस्सी. केलं आणि पोटापाण्याला शिवणकाम करते. माझं मशीन साताऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीशी आहे. समोर शेवगा, पेरू, रामफळ आणि शेजाऱ्यांच्या आंब्याची आमच्याकडे झुकलेली फांदी. ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांची मुलं वही पुढे करतात, "काकू, जरा बघता का?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. मुख्य गोष्ट एकच: दोघांना एकच प्रश्न विचारायचा, एकाच जागी, एकाच वेळी. उत्तर पुस्तकातून मिळालं तर बिघडत नाही, पण निदान अर्धी उत्तरं डोळ्यांनी आणि कानांनी मिळवलेली असावीत.

जोडी निवडताना

इथेच निम्मी मुलं घसरतात. कृंतक म्हणून ससा घेतात. ससा कृंतक नाही. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन छोटे दात असतात, त्याचा गणच वेगळा. चिचुंद्रीही नाही, ती उंदरासारखी दिसते एवढंच. मुंगूस तर मांसभक्षकांतला. खार, उंदीर, घूस, साळिंदर, शेकरू हे मात्र सगळे कृंतक. शेकरू आपला राज्यप्राणी, दिसायला देखणा, म्हणून मुलांना तोच हवा असतो. पण त्याच्यासाठी भीमाशंकरसारखं जंगल गाठावं लागतं. एका सहलीत लांबून दिसलेल्या शेपटीवर चार पानं कशी लिहिणार? परसात रोज येणारी खार घ्या.

पक्ष्यात गंमत याहून मोठी. गाणारा म्हटल्यावर पहिलं नाव येतं कोकिळाचं, आणि तोच बाद होतो. प्राणिशास्त्रात ज्यांना गायक पक्षी म्हणतात त्या गटात कोकिळ बसत नाही. उलट कावळा बसतो! कारण तिथे गोडवा बघत नाहीत, घशाची आणि पायाची रचना बघतात. कावळ्यावर प्रकल्प करणाऱ्याला मी जास्त गुण देईन, पण सुरुवातीला दयाळ बरा. काळापांढरा, मैनेपेक्षा लहान, शेपटी उभी करून दगडी गडग्यावर फिरणारा. वस्तीला बुजत नाही, आणि नर-मादी लांबूनही ओळखता येतात: नर कुळकुळीत काळा, मादीचा काळा भाग राखाडी. खारीत ही सोय नाही, नर-मादी लांबून कळत नाहीत. तुलनेच्या वहीतली ही पहिली नोंद.

दयाळ म्हणून चिरक लिहू नका. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर दगडांतून उड्या मारताना जो दिसतो तो बहुतेक वेळा चिरक असतो. त्याच्या शेपटीखाली तांबूस डाग असतो आणि पोट काळं. दयाळाचं पोट पांढरं, पंखावर लांबट पांढरी पट्टी.

खारीचे पट्टे मोजा. गडद नव्हे, फिकट पट्टे मोजायचे. पाठीवर तीनच असतील तर एक जात, कुशीवर आणखी दोन पुसट असतील तर दुसरी. पाच पट्ट्यांची साधारण उत्तरेकडे आणि कोरड्या भागात, तीन पट्ट्यांची दक्षिणेकडे, आणि आपला महाराष्ट्र नेमका मध्ये. त्यामुळे 'आमच्याकडे अमुकच असते' असं ऐकीव लिहू नका, मोजा. सह्याद्रीच्या दाट रानात तर आणखी एक तीन पट्ट्यांचीच जात आहे. तीन पट्टेवालीचं शास्त्रीय नाव लिनीअसने 1766 साली दिलं, पाच पट्टेवालीला तिचं नाव 1905 साली मिळालं. इतकी वर्षं मोठमोठ्या माणसांचाही घोळ होता, तेव्हा तुम्हाला मोजायला पाच मिनिटं जास्त लागली तर काही बिघडत नाही.

सामान आणि वेळ

दुर्बीण नसली तरी चालेल. वही, पेन्सिल, घड्याळ आणि फोनमधलं आवाज रेकॉर्ड करायचं साधं अॅप. बसायची जागा ठरवा आणि ती बदलू नका. मला तर मशीनमुळे पर्यायच नाही. मशीनच्या खडखडाटाला दोघंही सरावलेत. मी उठले की मात्र पळतात.

पहिली बैठक पहाटेची. फेब्रुवारी-मार्चपासून दयाळाचा नर अंधुक उजेडातच गायला लागतो, तेव्हा खारीचा पत्ताही नसतो. उन्हं झाडावर आली की ती उतरते. दुपारी उन्हाळ्यात खार सावलीतल्या फांदीवर चारी पाय सोडून पालथी पडलेली दिसेल, पोट फांदीला टेकवून. संध्याकाळी उलटा प्रकार: खार लवकर गुडूप होते आणि दयाळ दिवे लागणीपर्यंत अंगणात किडे टिपत असतो. दोघंही दिवसाचे प्राणी, पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. पण दिवसाची दोन्ही टोकं दयाळाच्या पदरात पडतात, हे बसल्याशिवाय दिसत नाही.

एक सूचना शिक्षकांसाठीही. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि बारा डॉ. सालीम अलींच्या. फार चांगली गोष्ट. पण शाळा नेमके त्याच आठवड्यात 'पक्ष्याचं गाणं ऐका' असा प्रकल्प देतात आणि तेव्हा दयाळ जवळजवळ गप्प असतो. एखादी बारीक शीळ, एखादं रागीट 'चर्रर', बस्स. त्याच्या विणीचा काळ साधारण मार्च ते जुलै, गाणंही त्याच काळातलं. गाण्यावर लिहायचं तर प्रकल्प मार्चात मागा.

आवाज : इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

झाडातून 'चिप् चिप् चिप् चिप्' असा चढा आवाज येतोय, पाच-पाच मिनिटं थांबत नाहीये, आणि पक्षी काही केल्या दिसत नाही. अशा वेळी पानांत पक्षी शोधू नका, फांदीवर शेपटी शोधा. ती खार असते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना तो पक्षीच वाटतो. त्यात भर म्हणजे शिंपी पक्षी, तोही आकाराच्या मानाने भलताच मोठ्याने 'ट्विट् ट्विट्' करतो. खात्री करायची खूण एकच: खारीची शेपटी प्रत्येक 'चिप्'ला झटका देते. आवाज आणि झटका बरोबर जुळतात.

आता फोनवर दोघांचं वेगवेगळं रेकॉर्डिंग करा आणि स्क्रीनवर उमटणारी रेघ बघा. खारीची रेघ मशीनच्या टाक्यासारखी निघते, सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर. दहा सेकंदांत किती 'चिप्' ते मोजा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. दयाळाची रेघ पाहिलीत तर अंदाजच लागत नाही. एक लांब शीळ, मग तीन छोट्या, मग एक घसरती, मग गप्प. पुढची ओळ पहिल्यासारखी नाही. मध्येच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल.

हा फरक का, ते दोन वाक्यांत लिहिता येतं. खारीचा आवाज आपल्यासारखाच, घशाच्या वरच्या भागातल्या स्वरयंत्रातून येतो. पक्ष्याचं आवाजाचं यंत्र खूप खाली असतं, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे. आणि गायक पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. शिवाय त्यांची पिल्लं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात. खारीच्या चिपचिपीला गुरू लागत नाही.

पण खरा प्रश्न पुढचा: कशासाठी? वहीत 'आवाज' असा एक रकाना करू नका, दोन करा, 'कसा' आणि 'कोणाला उद्देशून'. दयाळाचा नर उंच टोकावर बसून गातो, आमच्याकडे शेजाऱ्यांच्या टाकीवर. ही जागा माझी, हे दुसऱ्या नराला. आणि मी इथे आहे, हे मादीला. खार ओरडते तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी संकट आलेलं असतं. तिचं तोंड कुठे आहे ते बघा आणि त्या दिशेने शोधा. मांजर, धामण, शिक्रा, भारद्वाज, यांतलं कोणीतरी सापडेल. माझं मत विचाराल तर खारीचा आवाज कमी प्रतीचा नाही. 'मांजर आलंय' हे सांगायला चाल लावायची गरज नसते.

जमलं तर हेही टिपा: खार ओरडायला लागल्यावर दयाळ काय करतो? कुंपणावर मांजर आलं की आमच्याकडे दोघंही एकदमच बोंब मारतात, ती 'चिप् चिप्' आणि हा 'चर्रर चर्रर'. दयाळ ऐन गाण्यातसुद्धा संकटाच्या वेळी असा खरखरीत बोलतो. तेव्हा 'खारीचा आवाज कर्कश, दयाळाचा मधुर' असं लिहिण्याआधी तुमच्या परसात मांजर येऊ द्या.

आणि कृपा करून फोनवर दयाळाचं गाणं लावून त्याला बोलवू नका. त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय. विणीच्या दिवसांत पिल्लांना चारा द्यायचा सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो.

तोंड आणि खाणं

पेरूखाली पडलेलं फळ उचला. कडेने दोन-दोन समांतर चरे असतील तर ते खारीचे पटाशीचे दात. एकेक खड्डा पडलेला असेल तर चोच, पण ती दयाळाची नव्हे. बुलबुल, पोपट, कोकिळ यांच्यापैकी कोणाची तरी. दयाळाला पेरूत रस नाही, पेरूखाली कुजलेल्या पानांत आहे. दोघं एकाच झाडापाशी येतात, एकाला वरचं हवं, दुसऱ्याला खालचं. म्हणून एका परसात दोघांचं भागतं. अर्थात खारही किडे खाते, आणि संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडीसुद्धा, तेव्हा हे वरचं-खालचं ती फार काटेकोर पाळते असं नाही.

खाताना पाहायचं ते हे. खार मागच्या पायांवर बसते, फळ पुढच्या दोन पंजांत धरते आणि ते फिरवत फिरवत कुरतडते. डोकं स्थिर, फळ फिरतं. तिच्या पटाशीच्या दातांना पुढच्या बाजूनेच कडक वेष्टण असतं, मागची बाजू मऊ. मागचं लवकर झिजतं, पुढचं उभं राहतं, म्हणून धार आपोआप लागत राहते. आणि दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं थांबवता येत नाही. माझ्या खिडकीच्या लाकडी चौकटीचा खालचा कोपरा त्याची साक्ष आहे.

दयाळाला हातही नाहीत, दातही नाहीत. तो गडग्यावरून टक लावून बघतो, टपकन खाली उतरतो, पानं उलटतो, किडा उचलतो. मोठा घास असेल, म्हणजे सुरवंट किंवा पालीचं पिल्लू, तर दगडावर इकडून तिकडून आपटतो. आपटणं थांबतं, तो चोचीत घास सरळ करतो, डोकं मागे टाकतो आणि गिळतो. चावणं नाहीच. दळायचं काम पुढे पोटातल्या पेषणीचं.

त्यांना बिस्किटं, फरसाण, शिळा भात घालून जवळ बोलवून निरीक्षण करू नका. त्याने तुम्ही खारीचं नव्हे, फरसाणाचं निरीक्षण करता. पाण्याचं उथळ भांडं ठेवा, उन्हाळ्यात दोघंही येतील.

मोजमापं

हा भाग पटकन उरका. दयाळ चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 19 सेंटिमीटर, वजन 30 ते 40 ग्रॅमच्या घरात. खारीचं अंग 13 ते 15 सेंटिमीटर, जवळपास तेवढीच शेपटी, वजन 100 ग्रॅमच्या आसपास. शेपटी सोडली तर दोघं डोळ्यांना फारसे लहानमोठे दिसत नाहीत, पण वजनात अडीच-तीन पट फरक, कारण एकाला उडायचं आहे. पाय बघा: दयाळाची तीन बोटं पुढे, एक मागे, फांदी पकडायला. खारीची मागची पावलं घोट्यात वळून उलटी होतात, म्हणून ती झाडावरून डोकं खाली करून उतरू शकते. मांजराला तेवढं जमत नाही, आणि खारीचं अर्धं आयुष्य त्या फरकावर तरतं.

प्रस्तावनेत काही भारदस्त लिहायचंच असेल तर हे लिहा. सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे 40 टक्के कृंतक आहेत. पक्ष्यांच्या निम्म्याहून जास्त जाती दयाळाच्या गणातल्या. म्हणजे आपापल्या वर्गातली ही सगळ्यांत मोठी घराणी. दोघांचं रक्त उष्ण, दोघांच्या हृदयाला चार कप्पे, पण हे दोन्ही गुण त्यांनी एकमेकांकडून किंवा एकाच पूर्वजाकडून घेतलेले नाहीत. त्यांचा सामाईक पूर्वज 30 कोटी वर्षांहून जुना, आणि तो साधारण सरड्यासारखा दिसणारा जीव होता. 'साम्य' या रकान्यात बहुतेक मुलं 'दोघेही सजीव आहेत' असं लिहितात. त्याऐवजी हे लिहा.

घर आणि पिल्लं

एप्रिलमध्ये माझ्या मशीनखालच्या चिंध्या कमी व्हायला लागतात. खार खिडकीतून आत येते, मलमलच्या अस्तराची पट्टी तोंडात कोंबते, दोन्ही पंजांनी ती आणखी आत ढकलते आणि मिशा लावल्यासारखी निघून जाते. काथ्या, गवत, कापूस, चिंध्या असं सगळं मिळून तिचं घरटं गोल गोळा होतं. फांदीच्या बेचक्यात, कौलांखाली, मीटरच्या पेटीत, कुठेही. नायलॉनचे लांब धागे मी आता उचलून ठेवते, पिल्लांच्या पायांत अडकतात.

दयाळाला तयार भोक हवं. झाडाची ढोली, भिंतीतली फट, जुना पाइप. आमच्याकडे गडग्यातल्या बंद पडलेल्या पाइपात घरटं होतं. आत काड्या-मुळ्यांची साधी गादी, चार-पाच निळसर-हिरवट अंडी, तपकिरी ठिपक्यांची. घर मादी बांधते, अंडी मादी उबवते, नर राखण करतो आणि पिल्लं निघाली की भरवायला लागतो. खारीत नर यातलं काहीच करत नाही, सगळं आईवर.

आता वेळेचा हिशोब मांडा, या प्रकल्पातला सगळ्यांत चांगला आलेख इथे निघतो. दयाळाची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं आणखी दोनएक आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात. महिन्याभरात काम आटोपतं. खारीचं गर्भारपणच तीन पट्टेवालीत सुमारे 34 दिवसांचं, पाच पट्टेवालीत 40-42 दिवसांचं. त्यानंतर बिनकेसाची, डोळे मिटलेली दोन-तीन पिल्लं, आणि दूध तुटायला दोन महिन्यांहून जास्त. दोघांचीही पिल्लं जन्मतः आंधळी आणि उघडी, पण पक्ष्याला घाई आहे: ढोलीतल्या पिल्लांना उचलून दुसरीकडे नेणं त्याला शक्यच नाही. खारीला शक्य आहे. घरटं धोक्यात आलं की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते.

घरट्यात हात किंवा फोन घालून फोटो काढायचा नाही. लांबून, खिडकीतून, येण्याजाण्याच्या वेळा लिहा. अर्ध्या तासात किती फेऱ्या, चोचीत काय होतं, एवढं पुरे.

खाली पडलेलं पिल्लू मिळालं तर

वादळी पावसानंतर हे हमखास होतं, आणि इथे तुलना उपयोगाला येते. खारीचं डोळे मिटलेलं पिल्लू मिळालं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून, ऊब राहील असं, ते खोकं त्याच झाडाच्या बुंध्याशी मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि लांब जा. आई न्यायला येण्याची चांगली शक्यता असते. गाईचं दूध पाजू नका.

दयाळाचं पिल्लू असेल तर आधी पिसं बघा. पिसं फुटलेली, छातीवर ठिपके, शेपूट आखूड आणि टुणटुण उडतंय, तर त्याला काहीही झालेलं नाही. ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच आहेत. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा झुडपात ठेवा, बाकी काही नाही. पिसंच नसतील तर अलगद परत ढोलीत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, हे खरं नाही. दोघांपैकी कोणीही जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. घरी पिंजऱ्यात पाळायचा विचारही करू नका, देशी वन्य पक्षी पाळणं कायद्याने गुन्हा आहे.

आई पिल्लू उचलू शकते की नाही, हा मुद्दा वहीत 'प्रजनन' या मथळ्याखाली कोंबू नका, त्याला स्वतःचा रकाना द्या. माझ्या भाचीने 'वाहतूक' असं नाव दिलं. बाईंनी लाल शाईने शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, पण गुण कापले नाहीत.